पुढची सोनोग्राफी परिषद पुन्हा मुंबईत भरवणार असाल तर...

आयोजन समितीच्या सन्माननीय सदस्यांना सप्रेम नमस्कार.

परिषद आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी तुमचा अभिप्रायाचा फॉर्म आला. सभागृह कसं होतं, जेवण कसं होतं, ॲपवर वेळापत्रक नीट सापडलं का, पार्किंगला त्रास झाला का. प्रत्येक प्रश्नापुढे पाच स्टार. मी बहुतेक ठिकाणी चार देऊन मोकळी झाले, जेवणाला पाच दिले, कारण सोलकढी खरोखरच उत्तम होती. मला जे सांगायचंय त्याला त्या फॉर्मात रकाना नव्हता, म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की त्यातलं बरंचसं तुमच्याइतकंच आम्हा सगळ्या रेडिओलॉजिस्टना लागू आहे.

मी आधी अनेक वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात होते, आता परळला माझं छोटं सेंटर आहे. म्हणजे रांग दोन्ही बाजूंनी पाहिलेली.

आधी जे आवडलं ते. फुफ्फुसांच्या सोनोग्राफीचं सत्र अप्रतिम झालं. आम्ही शिकत होतो तेव्हा हवा म्हणजे आमची वैरीण. आतड्यात गॅस असला की स्वादुपिंड दिसत नाही आणि फुफ्फुसाच्या तर वाटेलाच जायचं नाही, असं शिकवलं जायचं. डॅनियल लिक्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटवर वर्षानुवर्षं काम करून त्याच हवेमुळे उमटणाऱ्या रेषांचा अर्थ लावला, २००८ साली त्यांचा ब्लू प्रोटोकॉल, म्हणजे दम लागण्याचं कारण सोनोग्राफीने शोधायची ठरलेली पद्धत, आली, आणि आज दम लागलेल्या पेशंटच्या छातीवर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीच्या यंत्राचा हातात धरायचा भाग, ठेवून काही मिनिटांत पाणी, न्यूमोनिया की हवा भरलीय हे सांगता येतं. हे ऐकायला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. सोनोग्राफी करणाऱ्यांच्या खांदेदुखीवर सत्र ठेवलंत त्याबद्दल वेगळे आभार. उजवा खांदा हे आमच्या व्यवसायाचं न बोललं जाणारं दुखणं आहे.

उद्घाटनाच्या भाषणात परदेशी पाहुण्यांनी इयन डोनाल्ड यांची गोष्ट सांगितली, तीही छान रंगवून. १९५५च्या जुलैत ग्लासगोचे हे स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन गाड्यांच्या डिकीत घालून रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले. तुलनेसाठी सोबत मांसाचा एक मोठा तुकडा. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र त्यांनी त्या गाठींवर लावून पाहिलं. पुढे एका बाईच्या पोटात जठराचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कॅन्सर आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राला तिथे पाण्याने भरलेली प्रचंड गाठ दिसली. ती अंडाशयाची निघाली, काढली, बाई वाचली. १९५८ च्या जूनमध्ये सहकारी डॉक्टर मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मग मनात आलं, की हे यंत्र आमच्या शहरात आल्यावर त्याचं काय झालं, हे आता कुणीतरी सांगेल. शेवटच्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नाही.

माझी तक्रार थोडक्यात ही आहे. परिषद मुंबईत भरली, पण मुंबईत रोज जी सोनोग्राफी चालते ती त्या सभागृहात कुठेच नव्हती.

साधं उदाहरण घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात या शहरातल्या कुठल्याही सोनोग्राफी खोलीत जा. तापाचे पेशंट, प्लेटलेट उतरलेल्या, पोट दुखतंय म्हणून पाठवलेले. प्रोब ठेवला की पित्ताशयाची भिंत, जी तीन मिलिमीटरच्या आत असायला हवी, ती सात-आठ मिलिमीटर जाड, थर सुटल्यासारखी. आत खडा नाही. यकृताच्या खाली पाण्याची बारीक पट्टी आणि उजव्या फुफ्फुसाभोवती थोडं पाणी. नवा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हे बघून पित्ताशयाला सूज आलीय असा रिपोर्ट लिहायला निघतो, आणि तो रिपोर्ट घाईच्या सर्जनच्या हातात पडला तर भलतंच होऊ शकतं. हा डेंग्यू आहे. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलंय, हे सांगणारी ती भिंत आहे, आणि अशा पेशंटला चाकूची नाही, सलाइनच्या हिशेबाची गरज असते. पावसाळ्यात मुंबईत सोनोग्राफी शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत पित्ताशयावर एक अख्खा तास होता. त्यात पॉलिप होते, कॅन्सर होता, कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन केलेली सोनोग्राफी होती. डेंग्यू नव्हता.

तीच गत यकृतातल्या अमीबाच्या गळवाची. तिशी-चाळिशीतला, अंगमेहनतीचं काम करणारा, बऱ्याचदा हातभट्टीची सवय असलेला माणूस उजव्या बरगडीखाली हात धरून वाकत येतो. सोनोग्राफी बघत सुई घालायची आणि चॉकलेटी रंगाचा पू उपसायचा. कळ ओसरली की पेशंट तिथेच टेबलावर झोपी जातो. पोटाच्या टीबीबद्दलही हेच: लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथली जाड भिंत, शेजारच्या गाठी. या विषयांत आमच्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांइतका हात बसलेली माणसं जगात फार थोडी असतील. व्यासपीठावर बसायचा मान खरं तर त्यांचा. पण नावनोंदणीची रक्कमच अशी होती, की त्यांच्यातले बरेच जण तुमच्या परिषदेचे फोटो मोबाईलवर बघून गप्प बसले.

गर्भाच्या ॲनॉमली स्कॅनचं, म्हणजे व्यंग शोधणाऱ्या सोनोग्राफीचं, सत्र तर मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलंय. हृदयाचे चार कप्पे, तीन रक्तवाहिन्यांचा छेद, मेंदूच्या मागच्या भागाची मापं, वरचा ओठ, मणका वरपासून खालपर्यंत. वक्त्या म्हणाल्या, बाळ पालथं असेल तर आईला जरा फिरून यायला सांगा आणि पुन्हा बघा. बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडे मात्र बाहेर बाकावर, बाकापुढे जमिनीवर आणि जिन्यापर्यंत बायका बसलेल्या असतात. पाणी पिऊन, लघवी दाबून. आतून मावशी ओरडतात, “पुढची कोण? केसपेपर हातात ठेवा.” तिला फिरून यायला सांगितलं तर तिचा नंबर जातो, आणि नंबर गेला तर स्वतःची मजुरी बुडवून आलेला नवरा तिच्यावरच चिडतो.

उशिराची किंमत कशी मोजायची तेही सांगते. सुधारित गर्भपात कायद्याने २०२१ पासून ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. अठराव्या-विसाव्या आठवड्यात व्हायची सोनोग्राफी तारीख न मिळाल्यामुळे चोविसाव्या आठवड्यापुढे ढकलली गेली, तर त्या जोडप्याचा निर्णय घरातून उठून थेट बोर्डाच्या टेबलावर जातो. हे आमच्या खात्यांत घडतं. त्यावर जगभरातल्या लोकांनी काय उपाय केले, कमी वेळात आधी काय बघायचं आणि कुणाला पुन्हा बोलवायचं, हे मला ऐकायचं होतं. तुम्ही बोलावलेल्या पाहुण्यांपैकी काही जण ते नक्की सांगू शकले असते. कुणी विचारलं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

गर्भाच्या हृदयावरच्या भाषणात एक पाहुणे व्हिडिओ दाखवत होते. त्यांच्या देशात रिवाज असल्यामुळे बोलता बोलता त्यांनी सहज सांगून टाकलं, की हा मुलगा आहे. सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षस्थानी बसलेल्या डॉक्टरांनी माईक ओढून म्हटलं, की सर, इथे हे बोललात तर तुरुंगात जाल. मोठा हशा. पाहुणे गोंधळले, मग तेही हसले, आणि चहाची सुट्टी झाली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा व्यासपीठावरून झालेला हा एकमेव उल्लेख.

चहाला मात्र दुसरा विषय नव्हता. कुणाचं यंत्र एफ फॉर्मातल्या, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणाऱ्या कागदातल्या, रिकाम्या रकान्यावरून सील झालेलं, कुणी तारखेतल्या खाडाखोडीपायी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारं. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी तर या धसक्याने गरोदर बायकांची सोनोग्राफीच बंद केली. हा त्रास खरा आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटलंय, की नोंदीतली त्रुटी म्हणजे कायद्याचा भंग, आणि तसं घडलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, आणि अशा त्रुटी निव्वळ कारकुनी म्हणून सोडता येणार नाहीत असं सांगितलं.

मला तो निकाल पटतो. हे लिहिल्यावर माझे काही सहकारी माझ्याशी बोलायचे थांबतील, त्याला इलाज नाही. बंद खोलीत, अंधारात, डॉक्टर आणि पेशंट यांच्यात एक शब्द बोलला जातो किंवा नुसती मान हलते. त्याचा पुरावा मागे काय उरणार? कागदच उरणार. छोट्या चुकीची आणि मोठ्या गुन्ह्याची शिक्षा वेगवेगळी असावी, हे माझंही म्हणणं आहे. पण कागदच नको, हे म्हणणं मला मान्य नाही.

आणि हा कायदा दिल्लीतून आमच्या डोक्यावर येऊन पडलेला नाही. तो याच शहरातला आहे. १९८०च्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती लागत. आत्ता थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या. तेव्हा तपासणी मुख्यतः गर्भजल काढून व्हायची, सोनोग्राफी नंतर स्वस्त झाली. इथल्या स्त्री-संघटना, काही डॉक्टर, वकील आणि कार्यकर्ते एकत्र आले, मंच स्थापन झाला, मोर्चे निघाले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर नोंदण्या आणि तपासण्यांना जोर आला आणि २००३ मध्ये दुरुस्ती झाली. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. हे आकडे आमच्याच यंत्रांशी जोडलेले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०१७ साली जमिनीतून उकरून काढलेले १९ भ्रूण मी विसरू शकत नाही, आणि विसरू नयेत असं मला वाटतं.

हा सगळा इतिहास ज्यांनी घडवला त्यातली काही माणसं तुमच्या सभागृहापासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. त्यांना एक तास द्यायला काय हरकत होती? परदेशी पाहुण्यांनाही कळलं असतं, की त्या हशामागे काय आहे.

यातून मी ज्या सूचनेपाशी आले, ती सुचली तुमच्याच कार्यक्रमातल्या एका छोट्या सत्रावरून. खिशात मावणाऱ्या प्रोबवरचं ते सत्र दुपारच्या जेवणानंतर, मागच्या हॉलमध्ये होतं आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिथे झांबियातल्या लुसाका आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या कामाविषयी सांगितलं गेलं. स्वस्त, बॅटरीवरचा प्रोब. तो चालवणारी व्यक्ती पडद्याकडे बघतही नाही. पोटावरून उभा आणि आडवा, ठरलेल्या पद्धतीने फिरवायचा. गर्भ किती आठवड्यांचा आहे ते संगणक काढतो, आणि नवख्या हातांनी फिरवलेल्या प्रोबचा अंदाजही तज्ज्ञाच्या मापाच्या जवळ जातो.

माझ्या मागे बसलेले एक जण पुटपुटले, “आपल्याकडे याचा काय उपयोग, बाहेर काढला की केस.” नियमाने ते बरोबर आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत जागेत, भरती असलेल्या पेशंटसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. नर्सबाईंनी ते पिशवीत घालून पाड्यावर न्यायची सोयच नाही. का नाही, हेही मला कळतं: पिशवीतलं यंत्र पाड्यावर जातं तसं ते लॉजच्या खोलीतही जातं.

पण गरज कुठे आहे ते पाहा. जव्हार-मोखाड्याची सोडा, मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीची बाई समोर येते. शेवटची पाळी कधी आली विचारलं, तर म्हणते, “गणपती बसले ना, त्याच्या जरा आधी. नाय, नंतर असंल.” मग ती गावी गेलेली असते, तिथले कागद तिथेच राहिलेले. आठव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी. तेव्हा बाळ लहान दिसलं, तर दिवस कमी आहेत की वाढ खुंटलीय हे ठरवणं आम्हालाही अवघड जातं. चौथ्या महिन्यात तिच्या वस्तीतल्या आरोग्यकेंद्रात कुणी आठवडे मोजून ठेवले असते, तर तिचं सगळं बाळंतपण वेगळ्या वाटेने गेलं असतं.

आणि त्या सत्रातली गंमत अशी, की आठवडे सांगण्यासाठी त्या पद्धतीत चालवणाऱ्याला चित्र दिसायची गरजच नाही. फक्त आकडा. चित्रच दाखवत नाही, असा प्रोब बनवता येईल का? त्यातून लिंग कळणार नसेल तर त्याला वेगळा नियम लावता येईल का? मी भाबडी नाही. चित्र यंत्राच्या पोटात असतंच, आणि जे आत आहे ते बाहेर काढणारा कुणीतरी निघतोच. सॉफ्टवेअर कुणी तपासायचं, कुलूप कुणाकडे, किती वेळा आणि कुठे वापरलं याची नोंद कशी, हे प्रश्न सोपे नाहीत. पण हे प्रश्न झांबियात कुणी विचारणार नाही, तिथे ही अडचणच नाही. ते भारतात विचारले जायला हवेत, आणि त्यासाठी मुंबईइतकी योग्य जागा दुसरी नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या तुमच्या प्रदर्शनात दोन मजले अडवून बसल्या होत्या. त्यांच्या इंजिनिअरला, पीसीपीएनडीटीची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, सेहतसारख्या संस्थेतल्या कार्यकर्तीला, प्रसूतिगृहातल्या सिस्टरला आणि आमच्यातल्या एखाद्या चिडलेल्या डॉक्टरला एका टेबलाशी बसवा. भांडण होईल. होऊ द्या, अध्यक्ष जरा खमका नेमा.

तेव्हा पुढची परिषद इथेच भरवणार असाल, तर हे सत्र अर्ध्या दिवसाचं ठेवा आणि मुख्य सभागृहात ठेवा. सरकारी आणि महापालिकेच्या रेसिडेंटना, टेक्निशियनना नावनोंदणी माफ करा. एका प्रायोजकाच्या मेजवानीचा खर्च त्याला पुरेल. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला आधीच कळवा, की इथे गर्भाचं लिंग बोलायचं नाही आणि दाखवायचंही नाही, आणि ते का, हेही त्याच पत्रात लिहा.

पावसाळी आजारांवरच्या सत्राला नको म्हणू नका. डेंग्यूची पित्ताशयं, अमीबाची गळवं, पोटातल्या टीबीचे व्हिडिओ माझ्याकडे भरपूर आहेत. पेशंटची संमती घेतलेले, नावं काढलेले. इतर रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांकडे याहून चांगले असतील, त्यांना विचारायचं काम मी करते. तारीख ठरली की कळवा. फक्त जेवणानंतरची वेळ देऊ नका.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट
परळ, मुंबई